उधारीची आयत आणि खतावणीतला धर्म

कुराणातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असा प्रश्न एखाद्या जाणत्या गृहस्थास विचारला तर उत्तर बहुधा प्रार्थना, उपवास, स्वर्ग-नरक किंवा युद्ध असे काही येईल. वस्तुतः ती आयत उधारीच्या लेखाविषयी आहे. 'बकरा' नावाच्या दुसऱ्या सूरेतील ही २८२ वी आयत. ज्यांच्या घरी रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान् पिढ्या देवघराइतक्याच आदराने हाताळली गेली, अशा व्यापारी कुटुंबांनी तिच्याकडे अंमळ थांबून पाहावे, अशी ती आहे.

आयतीचा आशय असा : मुदतीच्या बोलीवर देणेघेणे केले तर ते लिहून ठेवावे. लिहिणाऱ्याने कोणाचीही बाजू न घेता लिहावे, आणि ज्याला लिहिता येते त्याने लिहून देण्यास नकार देऊ नये. मजकूर सांगायचा तो ऋणकोने, धनकोने नव्हे. ऋणको अजाण, दुर्बळ किंवा सांगण्यास असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावे. साक्षीदार ठेवावेत (येथे दोन पुरुष, अथवा एक पुरुष व दोन स्त्रिया असे म्हटले आहे, या कलमावर आधुनिक मुस्लिम विचारवंतांत बरीच चर्चा झालेली आहे). रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये. हातोहात रोखीचा व्यवहार असेल तर न लिहिल्यास दोष नाही. लेखकाला किंवा साक्षीदाराला त्रास देऊ नये. लगेच पुढच्या आयतीत प्रवासात लिहिणारा न मिळाल्यास तारण हाती घेण्याची सवलत आहे, आणि विश्वासावर ठेवलेली वस्तू ज्याची त्याला परत करण्याची आज्ञाही आहे.

या तपशिलांतील एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कर्जखताचा मजकूर कर्ज घेणाऱ्याच्या तोंडून यावा, हा तो आग्रह. ज्याची बाजू दुबळी, त्याच्या हाती शब्द द्यायचा. याचे मोल कळण्यासाठी अरबस्तानात जाण्याची गरज नाही. शिरूर आणि दौंडच्या परिसराचा दीडशे वर्षांपूर्वीचा इतिहास पुरेसा आहे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर तो बजावला. गावाने एकजुटीने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, पाणक्या, शेतमजूर कोणी त्यांच्या कामाला जाईना. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, बाजाराच्या दिवशी उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेले. त्या सावकारांत मारवाडी व गुजराती वाणी मोठ्या संख्येने होते. त्यांत जैन घराणीही होती. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढवला होता, आणि सारा रोखीने भरावा लागत असल्याने शेतकऱ्याला सावकाराचे दार चुकत नव्हते. दोष एकट्या सावकाराचा नव्हता, हे निष्पक्षपणे म्हटलेच पाहिजे. तथापि दंगेखोरांनी मागितले काय, तर कर्जखते. माणसे मारण्यासाठी जमाव निघाला नव्हता. कागद मिळाले की ते जाळून तो बहुतेक ठिकाणी परतत असे.

त्या कागदांवर इतका राग का असावा? मुदतीच्या १८५९ च्या कायद्यामुळे खत तीन वर्षांत बदलावे लागे. प्रत्येक बदलीत थकलेले व्याज मुद्दलात चढे आणि नव्या खतात नवे मुद्दल म्हणून उभे राही. मजकूर सांगे सावकार, लिही त्याचा कारकून. निरक्षर कुणबी खाली आपली निशाणी करी, आणि ती निशाणी असे नांगराची. ज्याला वाचता येत नाही त्याने, ज्याने सांगितले त्याच्या शब्दावर, स्वतःच्या जमिनीचे भवितव्य लिहून द्यायचे. पुढे १८७९ मध्ये सरकारने डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट हा कायदा केला. खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, ऋणकोला पावती व हिशेबाचा उतारा मिळावा, आणि न्यायालयाने खताच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, अशा तरतुदी त्यात होत्या. त्रयस्थ लेखक हवा आणि ऋणकोला कळेल असा लेख हवा, हे तत्त्व करड्याच्या घटनेपूर्वी बाराशेहून अधिक वर्षे आधी एका धर्मग्रंथात उपासनेच्या आज्ञांच्या शेजारीच लिहिलेले होते.

बाजारातून आलेला प्रेषित

हा धर्म देण्याघेण्याविषयी इतक्या बारकाईने का बोलतो, याचे एक कारण उघड आहे. पैगंबर हजरत मुहंमद स्वतः व्यापारी होते. मक्का हे काफिल्यांचे शहर. उन्हाळ्यात उत्तरेस सीरियाकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेस येमेनकडे तांडे जात. तरुण मुहंमद यांनी खदीजा या विधवा व्यापारी स्त्रीचा माल घेऊन सीरियाचा प्रवास केला. भांडवल तिचे, श्रम त्यांचे आणि नफ्यात वाटा, असा तो व्यवहार होता. त्यांच्या सचोटीने प्रभावित होऊन पुढे तिनेच विवाहाचा प्रस्ताव धाडला. मक्केचे लोक त्यांना 'अल्-अमीन' म्हणत, म्हणजे विश्वासू.

या पदवीची कसोटी इ.स. ६२२ मध्ये लागली. विरोधकांनी जिवावर उठल्यामुळे त्यांना रात्री मक्का सोडून मदिनेस जावे लागले. त्या रात्रीही त्यांच्याकडे मक्केतील लोकांच्या ठेवी होत्या. त्यांना शहरातून घालवणाऱ्या समाजातील लोकच त्यांच्याकडे ठेव ठेवत असत, ही यातील विलक्षण गोष्ट. त्यांनी चुलतभाऊ अली यांना मागे ठेवले, ते प्रत्येकाची अमानत प्रत्येकाला पोहोचवण्यासाठी. मराठीत 'अमानत' हा शब्द आहे, आणि 'बेइमान' ही शिवी आहे. 'अमीन', 'अमानत', 'इमान' हे तिन्ही शब्द अरबीत एकाच धातूपासून झाले आहेत. ज्याच्याकडे ठेव सुरक्षित नाही त्याची श्रद्धाही खरी नाही, हा विचार त्या भाषेच्या रचनेतच बसलेला आहे.

प्रतिक्रमण करणाऱ्या श्रावकाला हे ऐकताना 'थापणमोसो' हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्याची ठेव दाबणे, 'तत्त्वार्थसूत्रा'च्या भाषेत न्यासापहार, हा सत्याणुव्रताचा अतिचार होय. खोटा लेख करणे, म्हणजे कूटलेखक्रिया, हाही त्याच व्रताचा. अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'कूडतुल्ल-कूडमाणे', म्हणजे खोटी तुला व खोटे माप, आणि 'तप्पडिरूवगववहारे', म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हलका माल खपवणे, हे येतात. दोन धर्मांचे तत्त्वज्ञान एकमेकांपासून फार दूरचे आहे. एक सृष्टिकर्त्या ईश्वराला मानत नाही, दुसऱ्याचा सारा डोलारा एका ईश्वरावर उभा आहे. परंतु तराजूपाशी आल्यावर दोघांची भाषा जवळजवळ एक होते.

कुराणातील ८३ व्या सूरेचे नावच 'मुतफ्फिफीन' आहे, मापात मारणारे लोक. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे यांच्या विनाशाच्या इशाऱ्याने ती सुरू होते. त्यांना पुन्हा उठवले जाणार आहे याचा विचारही येत नाही काय, असा सवाल पुढे येतो. मदयन नावाच्या जनपदात पाठवलेल्या शुऐब या प्रेषिताची कथा कुराणात अनेकदा येते. एका ईश्वराच्या उपासनेनंतर लगेच त्याचा उपदेश मापे आणि वजने पुरी द्या हाच आहे.

हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व कृती यांच्या नोंदी, यांतील एक प्रसंग तर कोणत्याही धान्यबाजारात घडण्यासारखा आहे. मदिनेच्या बाजारात पैगंबर एका धान्याच्या राशीजवळ थांबले आणि त्यांनी राशीत हात खुपसला. वर कोरडे असलेले धान्य आत ओले लागले. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. पैगंबरांनी त्याला विचारले की ओला भाग वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता. आणि जो फसवतो तो माझ्यातला नव्हे, असे बजावले. पाऊस लागणे हा गुन्हा नव्हता. ओले विकणे हाही नव्हता. झाकणे हा गुन्हा होता. बाजार समितीच्या आवारात बाजरीच्या पोत्यात बंबी घालून आतला दाणा काढून पाहणाऱ्या खरेदीदाराला ही कसोटी समजावून सांगावी लागत नाही.

महाराष्ट्रात कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई पंथाचे, तर देशावरील हनफी पंथाचे. शिरूर-दौंडकडील मशिदींत ज्यांच्या नावाचा विधी चालतो ते इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) हे इराकमधील कूफा येथील कापड व्यापारी होते. त्यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात की, एका मालातील दोष गिऱ्हाइकाला सांगून विकण्याची सूचना त्यांनी भागीदाराला दिली होती. भागीदार ती विसरला आणि माल पूर्ण किमतीला गेला. गिऱ्हाईक कोण होते हे शोधूनही कळेना, तेव्हा त्या विक्रीची सगळी रक्कम अबू हनीफा यांनी दान केली. केवळ नफा नव्हे. भाव वाढावा म्हणून अन्नधान्य दडवणाऱ्याला हदीसेत पापी म्हटले आहे, आणि मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी असेही सांगितले आहे. हमाल, मापाडी आणि तोलणार यांच्या मजुरीचा हिशेब ज्यांच्या पेढीवर होतो त्यांना यातील निकड ठाऊक आहे.

व्याजाचा प्रश्न

येथपर्यंत जैन वाचकाची मान सहज डोलेल. पुढचा मुद्दा मात्र अडखळायला लावणारा आहे. इस्लामने व्याज निषिद्ध केले आहे, आणि सावकारी व पतपेढी हा तर व्यापारी घराण्यांच्या व्यवसायाचा पिढीजात भाग.

कुराणाने व्यापार आणि 'रिबा' यांत स्पष्ट रेघ ओढली आहे : व्यापार विहित, रिबा वर्ज्य. रिबा म्हणजे वाढ, उसन्या दिलेल्या रकमेवर ठरवून घेतलेली जादा रक्कम. मुद्दल परत घेण्याचा हक्क कायम आहे. धनकोने अन्याय करू नये आणि त्याच्यावरही अन्याय होऊ नये, असा दुहेरी तोल तेथे साधला आहे. ऋणको अडचणीत असेल तर सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी, आणि सोडून दिल्यास ते अधिक श्रेयस्कर, असे लगेच पुढे सांगितले आहे. उधारीच्या लेखाची दीर्घ आयत येते ती याच्या पाठोपाठ. आधी दया आणि मग लेखा, असा हा क्रम आहे. दया करायची म्हणून हिशेब ढिला ठेवायचा, किंवा हिशेब चोख म्हणून दया विसरायची, या दोन्ही सवयींना तेथे जागा नाही.

इ.स. ६३२ मध्ये, निधनापूर्वी काही महिने, पैगंबरांनी अरफातच्या मैदानावर जे अखेरचे प्रवचन केले त्यात जुन्या काळची सर्व व्याजाची येणी रद्द झाल्याचे जाहीर केले. ही घोषणा करताना पहिले नाव घेतले ते स्वतःच्या चुलत्याचे, अब्बास यांचे. अब्बास हे मक्केतील धनको होते आणि त्यांचे बरेच व्याज लोकांकडे थकलेले होते. दुसऱ्यांच्या वह्या बंद करण्याआधी घरची वही बंद केली गेली. सुधारणेचे उपदेश पुष्कळ होतात. पहिला तोटा स्वतःच्या कुटुंबाने सोसल्याची उदाहरणे थोडी.

भारतीय परंपरेने व्याज बंद केले नाही, पण त्याला लगाम घातला. दामदुपटीचा नियम सर्वश्रुत आहे : एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हा नियम हिंदू ऋणकोंच्या बाबतीत लागू केला. तीन वर्षांनी खत बदलून व्याजाचे मुद्दल करण्याची युक्ती ही नेमकी या नियमाला दिलेली बगल होती. इस्लामने दाराला लगाम नव्हे, कुलूप घातले. कुलूप लावल्याने दार नेहमी बंद राहते असे मात्र नाही. मराठीत अवाच्या सवा व्याजाला 'पठाणी व्याज' म्हणतात, आणि ते ज्यांच्या नावावरून पडले ते काबुली पठाण मुसलमानच होते. अनुयायांवरून शिकवण जोखायची झाली तर कोणताच धर्म त्या तराजूत पुरा भरणार नाही.

मग भांडवलाला मोबदला मिळायचाच नाही काय? मिळतो, पण जोखमीसह. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम, नफा ठरल्या प्रमाणात. तोटा झाल्यास भांडवलवाल्याची रक्कम जाते आणि श्रम करणाऱ्याची मेहनत. याला 'मुदारबा' म्हणतात, आणि खदीजेचा व्यवहार याच जातीचा होता. दुष्काळ पडो, पीक बुडो, धनकोचा आकडा मात्र घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाढत राहावा, हे इस्लामी विचाराला मान्य नाही. १८७५ च्या कुणब्यालाही बहुधा हेच मान्य नव्हते.

आजच्या बँकेचे व्याज म्हणजे रिबाच, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. काही आधुनिक विद्वान शोषक सावकारी आणि नियंत्रित बँक-व्याज यांत फरक करतात. व्याजविरहित तत्त्वावर चालणाऱ्या वित्तसंस्था अनेक देशांत उभ्या आहेत. भारतात वित्तीय सुधारणांसाठी डॉ. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००८ मध्ये व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले होते. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. परिणामी श्रद्धाळू मुस्लिम खातेदाराचे बचत खाते इतरांसारखेच असते आणि त्यात व्याजही जमा होते. अशा वेळी अनेक जण ती रक्कम वेगळी काढून, पुण्याची अपेक्षा न ठेवता, गरजूंना देऊन टाकतात. पासबुकावरील जमा झालेला आकडा आपला नाही असे मानणारा खातेदार बँकेच्या कोणत्याही कोष्टकात दिसत नाही.

चाळिसावा हिस्सा

मराठी व्यापाऱ्याला 'जकात' म्हटले की नाका, पावती आणि ट्रकांची रांग आठवते. शब्द मात्र मूळचा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एकाचा आहे. अरबीत त्याच्या अर्थाला शुद्धी आणि वाढ अशा दोन्ही छटा आहेत. (जमा, बाकी, हिशेब, वसूल, नफा, कर्ज, माल, वजन, दलाल हे शब्दही त्याच भाषेतून मराठी पेढीवर येऊन बसले आहेत, हे जाता जाता नमूद करावे.)

साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन तोळे चांदी, अथवा त्या किमतीची रोकड वा व्यापारी माल, देणी वजा जाता ज्याच्याकडे चांद्र वर्षभर राहिला, त्याने त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, काढणे बंधनकारक आहे. येथे आयकराहून एक महत्त्वाचा भेद आहे. आयकर उत्पन्नावर असतो, जकात साठ्यावर. पडून राहिलेले धन दरवर्षी थोडे थोडे झिजते. वापरात आणले तरच ते टिकते. हनफी विधीप्रमाणे अंगावरचे सोन्याचे दागिनेही हिशेबात धरले जातात. दुकानातील विक्रीच्या मालाची मोजदाद करून त्याची किंमत धरावी लागते, म्हणजे वर्षातून एकदा 'स्टॉक' काढणे हे धार्मिक कर्तव्य ठरते. शेतमालाचे प्रमाण निराळे आहे. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा. जिराईत आणि बागाईत हा भेद घोड आणि भीमेच्या काठच्या माणसाला शिकवावा लागत नाही.

कोणाला द्यायचे तेही ठरलेले आहे. आठ प्रकारच्या व्यक्तींची व कामांची नावे कुराणात येतात. गरीब, निराधार, वाटसरू यांच्याबरोबर कर्जात बुडालेला माणूसही त्यांत आहे. आईवडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांचे पोषण हे आधीच कर्तव्य आहे. कर्तव्याला दानाचे नाव देऊन सूट घ्यायची नाही. अपरिग्रह हा याहून कठोर विचार आहे. तो संग्रहालाच मर्यादा घालायला सांगतो, तर इस्लाम संग्रह होऊ देतो आणि त्यातला इतरांचा हक्क बाजूला काढायला लावतो. देणाऱ्याने उपकार करत नसून दुसऱ्याचे त्याला पोहोचवत आहोत असे समजावे, ही त्यामागची भूमिका.

दान दाखवण्यासाठी केले तर वाया जाते आणि कृतीचे मोल हेतूवर ठरते, हा 'नियत'चा विचारही तितकाच मूलभूत आहे. मराठीत तो अगदी शेजारी फुललेला आहे. शिरूरहून घोड ओलांडली किंवा दौंडहून भीमा ओलांडली की दोन्हीकडून श्रीगोंदे तालुका लागतो. तेथील शेख महंमद हे सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवरील संतकवी जन्माने मुसलमान, गुरुपरंपरेने सूफी आणि भाषेने अस्सल मराठी. मालोजीराजे भोसले यांचे त्यांच्याशी गुरुशिष्याचे नाते होते असे परंपरा सांगते. 'योगसंग्राम', 'पवनविजय', 'निष्कलंक प्रबोध' या त्यांच्या ग्रंथांत बाह्य अवडंबरावर, मग ते हिंदूंचे असो वा मुसलमानांचे, प्रखर टीका आहे. पुढच्या काळात महात्मा जोतीराव फुले यांनी पैगंबरांवर 'मानव महंमद' ही रचना केली, साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहिली, आणि अरबी शिकून मूळ ग्रंथ वाचलेल्या विनोबांचे 'कुराण-सार' १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी माणसाला इस्लामची नीती वाचायची असेल तर साधनांची उणीव कधीच नव्हती.

भेद आहे, आणि तो मोठा आहे. जैन मनाला बकरी ईदची कुर्बानी सहन होणे अशक्य. बळीचे मांस व रक्त ईश्वरापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती केवळ अंतःकरणातील ईशभीरुता, असे कुराण सांगते. परंतु त्याने जैनांचे समाधान होणार नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही नाही. अहिंसेच्या बाबतीत दोन्ही धर्मांची वाट वेगळी आहे हे मान्य करूनच बोललेले बरे. १५८३ मध्ये आचार्य हीरविजयसूरी पायी फत्तेपूर सिक्रीला पोहोचले तेव्हा तेही काही झाकून बोलले नाहीत. आणि बादशहा अकबराने पर्युषणाच्या दिवसांत प्राणिहत्या बंद ठेवण्याची फर्माने काढली.

दिवाळखोर कोण?

इस्लामच्या नीतीचा गाभा एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर तो 'हुकूकुल इबाद' या संकल्पनेत आहे. मनुष्यावर दोन प्रकारची देणी असतात, ईश्वराची आणि माणसांची. नमाज चुकला, रोजा राहिला, तर ते ईश्वराचे देणे. तो दयाळू आहे, पश्चात्ताप केल्यास माफ करील. पण माणसाचे बुडवलेले देणे ईश्वर परस्पर माफ करीत नाही. ज्याचे बुडवले त्याच्याकडेच जावे लागते.

पैगंबरांनी एकदा सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण हे तुम्हाला ठाऊक आहे काय? ज्याच्याकडे पैसा-मालमत्ता नाही तो, असे उत्तर आले. त्यावर त्यांनी निराळाच हिशेब मांडला. अंतिम निवाड्याच्या दिवशी एक माणूस नमाज, रोजे आणि जकात यांची भरपूर शिल्लक घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचा पैसा खाल्लेला असेल, कोणाला मारलेले असेल. मग त्याची सत्कृत्ये एकेक करून त्या लोकांच्या खात्यावर वळती होतील. ती संपली आणि देणी उरली, तर त्या लोकांची पापे याच्या नावे टाकली जातील. खरा दिवाळखोर तो. जमा-नावेची इतकी काटेकोर उपमा व्यापाऱ्यालाच सुचावी.

म्हणूनच हजला निघणारा मनुष्य आधी ओळखीपाळखीच्या लोकांना भेटून कहासुना माफ करण्याची विनंती करतो आणि देणी चुकती करतो. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणणाऱ्यांना ही भेट परकी वाटणार नाही. फरक एवढाच की येथे क्षमेबरोबर उधारीचा आकडाही मिटवायचा असतो.

मृत्यूनंतरही हा हिशेब सुटत नाही. मदिनेत एकदा एक मृतदेह अंत्यप्रार्थनेसाठी आणला गेला. पैगंबरांनी विचारले, याच्यावर कर्ज आहे काय? काही दिनारांचे आहे, असे कळल्यावर ते स्वतः प्रार्थनेस उभे राहिनात. तुम्हीच करा, असे म्हणाले. अबू कतादा नावाच्या सोबत्याने ते कर्ज आपल्या शिरावर घेतले, तेव्हा ते पुढे झाले. पुढे हाती साधने आल्यावर कर्ज ठेवून मरणाऱ्याचे देणे आपण फेडू, अशी जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. वारसाहक्काच्या नियमांतही मृताच्या संपत्तीतून आधी देणी फेडायची, मग वाटणी करायची, असा क्रम कुराणात घालून दिलेला आहे.

शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेतील ज्या दुकानदारांना एखाद्या जुन्या मुस्लिम गिऱ्हाइकाच्या अंत्ययात्रेला जाण्याचा प्रसंग आला असेल, त्यांनी जनाजाच्या नमाजाआधी होणारी घोषणा कदाचित ऐकली असेल. रांगा लागतात, आणि प्रार्थना सुरू होण्यापूर्वी मृताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो की, यांच्याकडे कोणाचे काही येणे असेल तर त्याने आम्हाला सांगावे, आम्ही देऊ. किंवा माफ करावे. सांगायला संकोच वाटला तरी सांगायचे असते. सोडून द्यायचे असेल तर तेही वारसांना कळवायचे, आणि दुकानी परतल्यावर खतावणीतील त्या पानावर तशी नोंद करायची.